ड्रोनच्या प्रोजेक्टला मी होकार का देऊ लागले

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट गाइड म्हणून बरीच वर्षं माझा एक नियम होता. क्वाडकॉप्टर हा विषय घेऊन येणाऱ्या गटाला मी नकार द्यायचे, आणि कारणही तोंडावर सांगायचे. एफ-४५० ची तयार फ्रेम, ए-२२१२ जातीच्या चार मोटर, ३० अँपिअरचे चार ईएससी, दहा इंची प्रॉप्स, तीन सेलची लिपो बॅटरी आणि एक फ्लाइट कंट्रोलर. सगळा माल लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन मिळतो. स्क्रू आवळायचे, तयार फर्मवेअर चढवायचं आणि ब्लॅक बुकमध्ये उडत्या यंत्राचा फोटो लावायचा. ‘यात तुमचं काय?’ असं मी विचारलं की मुलं गप्प व्हायची. उड्डाणाचा कोड पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिणार असाल तरच या, ही माझी अट.

आता मी हा विषय नाकारत नाही. काही गटांना तर स्वतःहून सुचवते.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका वर्षी विभागानेच विषय वाटून दिले तेव्हा. ड्रोनचा एक गट माझ्या वाट्याला आला. त्यांनी यंत्र जोडलं, थ्रॉटल दिला, आणि ते जमिनीवरच उलटं झालं. क्वाडकॉप्टरच्या चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट. समोरासमोरची, म्हणजे कर्णावरची जोडी एका दिशेची असते. प्रत्येक मोटर फ्रेमला उलट पीळ देते आणि दोन जोड्यांचे पीळ एकमेकांना मारतात. यांची एक मोटर चुकीच्या दिशेने फिरत होती, त्यामुळे तिथला पंखा वर उचलण्याऐवजी खाली दाबत होता. मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा बदलते. प्रॉप्स काढून, एकेक मोटर फिरवून त्यांनी दोष शोधला.

मग यंत्र उचललं, पण थरथरायला लागलं. माझ्या दृष्टीने खरा प्रोजेक्ट इथे सुरू झाला. कंट्रोलरच्या आत तीन आकडे असतात: पी, आय आणि डी. यंत्र कलल्यावर किती जोराने सावरायचं ते पी ठरवतो, सावरताना पलीकडे जाऊ नये म्हणून डी आवर घालतो, आणि सतत राहणारी थोडीशी चूक आय भरून काढतो. या मुलांनी आदल्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला होता, रूट लोकसच्या आकृत्या कागदावर बिनचूक काढल्या होत्या. आता फ्रेम दोरीने बांधून ती पी वाढवत होती, आणि यंत्र त्यांच्या समोर थडथडत होतं. डी जास्त केला तर मोटर हाताला चटका बसेल इतक्या तापल्या. ‘मॅडम, म्हणजे अस्थिर म्हणतात ते हे!’ असं त्यातली एक मुलगी म्हणाली. वर्गात मी तो पेपर कित्येकदा शिकवला आहे. ते वाक्य मला वर्गात कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

पुढे ॲक्सेलरोमीटरचा लॉग काढला तर आलेख नुसता काटेरी. एका प्रॉपचं एक पातं जड होतं. हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून ते समतोल केलं, कंट्रोलरखाली फोम घातला. मग होकायंत्र भरकटायला लागलं, कारण ते बॅटरीच्या वायरींना खेटून बसवलं होतं आणि त्या वायरींतून मोठा प्रवाह जातो. ते छोट्या दांडीवर उंच नेलं. यांत्रिकी, विद्युत आणि सॉफ्टवेअर हे आमच्या अभ्यासक्रमात वेगवेगळे पेपर आहेत. इथे एका थरथरीचं कारण या तिन्हींपैकी कुठेही असू शकतं आणि ते कुठे आहे हे कुणी आधी सांगत नाही.

कोड स्वतः लिहिण्याच्या अटीबद्दलही मी पुन्हा विचार केला. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंचं चार रोटरचं यंत्र जमिनीवरून उचललं गेलं, पण त्याचे चार कोपरे धरायला चार माणसं लागली. उचलण्याइतकी ताकद होती, सावरण्याची सोय नव्हती. स्वस्त आणि चिमुकले गायरो आल्यावर ती सोय सगळ्यांच्या हाती आली. झुरिकच्या ईटीएचमध्ये लॉरेन्झ मायर हा विद्यार्थी असताना पिक्सहॉक या फ्लाइट कंट्रोलरचं काम सुरू झालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं केलं गेलं. आर्डुपायलट हे उड्डाणाचं सॉफ्टवेअरही असंच हौशी मंडळींमधून वाढलं. एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून आलेली गोष्ट दुसऱ्या विद्यार्थ्याने वापरायची नाही, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझी अट मान्य केलेल्या गटांचं वर्ष एमपीयू-६०५० सेन्सरचे आकडे वाचण्यात संपायचं. फ्रेम दोरीला बांधण्यापर्यंत ते पोचायचेच नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अजून सोडलेली नाही. ‘शेतकऱ्यांसाठी फवारणी ड्रोन’ असं शीर्षक आलं की मी आधी हिशेब मागते. दहा लिटर औषधाचं पाणी म्हणजे दहा किलो. ए-२२१२ च्या चार मोटर पूर्ण जोरात मिळून साधारण तीन किलोची उचल देतात, आणि सावरायला निम्मा जोर राखून ठेवावा लागतो. यंत्राचंच वजन एक किलोच्या आसपास. २२०० एमएएचच्या बॅटरीतली ऐंशी टक्के वीज वापरायची, तरंगताना दहा ते पंधरा अँपिअर जातात. म्हणजे सात ते दहा मिनिटं. हा हिशेब मुलं स्वतः करतात तेव्हा शीर्षक आपोआप खरं होतं. शेतकऱ्याचं नाव लावून गुण मिळवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षिततेतही सूट नाही. टेबलावर असताना प्रॉप्स काढलेले, लिपो चार्जिंगला असताना माणूस जवळ, सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात संशोधन आणि चाचणीसाठी ड्रोन उडवायला परवाना लागत नाही. पण आपलं आवार ग्रीन झोनमध्ये येतं का, हे सिनॉप्सिस लिहिण्याआधी नकाशावर पाहायला हवं.

बाह्य परीक्षक म्हणून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. फ्रेम कुठून आणली हे विचारू नका, आणि पार्किंगमध्ये उडवून दाखवाच असा हट्टही धरू नका. त्यांची नोंदवही मागा. लॉगमधला एखादा बिघडलेला आलेख उघडायला लावा, तो का बिघडला आणि कारण कसं सापडलं ते विचारा, आणि गुण त्या उत्तराला द्या.