फी भरण्यापूर्वी

मुलीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर शिकायचे होते. क्लासची फी ऐकून आम्ही दोघे विचारात पडलो. काजूबियांचे आलेले पैसे त्यातच संपले असते. तिच्या सरांनी सुचविले, ऑकलंड विद्यापीठातील इहाका व जेंटलमन यांनी केलेले 'आर' १९९५ पासून विनामूल्य खुले आहे. आधी त्यावर हात बसवा.

तिने वाळपईच्या पावसाचे आकडे भरले. आलेख क्षणात आला. पण सरासरी घ्यावी की मध्यक, हे संगणकाने सांगितले नाही. अतिवृष्टीच्या एकाच दिवसाने सरासरी कशी फुगते, हे वहीत मांडल्यावरच तिला उमगले.

क्लासला आमचा विरोध नाही. पैसे राखून ठेवले आहेत; अडेल तिथे जरूर भरू. पालकांनो, आधी मुलांना एवढेच विचारा: प्रश्न कोणता सोडवायचा आहे?