मावशी, गोळी बंद करू नकोस

प्रिय मावशी,


काल फोनवर तू विचारलंस, "आता दम लागत नाही, गोळी बंद करू का?" मागून दादा म्हणत होता, डॉक्टरांनी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलंच नाही. दोघांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझ्या पायातल्या खोल शिरेत रक्त गोठलं. ती गुठळी सुटली आणि हृदयाच्या उजव्या बाजूने जाऊन फुफ्फुसाच्या धमनीत अडकली. हा हार्ट अटॅक नव्हे, पण झळ हृदयालाच बसते. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, त्याला कमी दाबाने रक्त ढकलायची सवय. पुढची वाट अचानक तुंबली की तो फुगतो, मधला पडदा डावीकडे रेटतो, डाव्या कप्प्यात रक्त कमी भरतं आणि बीपी कोसळतं. या आजारात माणूस दगावतो तो बहुधा यामुळेच. बीपी कोसळलं असतं तर ते इंजेक्शन लगेच दिलं असतं; ते देणं शक्य नसेल तर कॅथेटरने किंवा ऑपरेशन करून गुठळी काढतात.

तुझं बीपी टिकून होतं. इकोमध्ये उजवा कप्पा मात्र ताणलेला होता, हृदयाच्या स्नायूला इजा दाखवणारं ट्रोपोनिनही वाढलं होतं. नेमक्या अशाच 1006 रुग्णांवरचा युरोपातला मोठा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, होतंच. निम्म्यांना वर विरघळवणारं औषध दिलं. प्रकृती ढासळणं किंवा मृत्यू हे प्रमाण 5.6 टक्क्यांवरून 2.6 वर आलं, पण मेंदूत रक्तस्राव 0.2 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर गेला. तुझं वय सत्तरीच्या पुढे, ऑपरेशनची जखम ताजी. हेपरिन देऊन आयसीयूत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, हेच योग्य झालं. दादाला हे आकडे जरूर वाचून दाखव.

हेपरिनला कमी लेखू नका. 1960 साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी छोटीशी चाचणी छापली: औषधाविना 19 जणांपैकी 5 जण याच आजाराने गेले, औषध दिलेल्या 16 जणांपैकी एकही नाही.

तुझी आताची रिव्हारॉक्सबॅनची गोळी तेच काम करते. ती गुठळी फोडत नाही, नवी होऊ देत नाही. जुनी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. त्याला वेळ लागतो. बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून. मधेच सोडलीस तर नवी गुठळी होऊ शकते, आणि ताणलेल्या हृदयाला दुसरा धक्का सोसवेलच असं नाही. निदान तीन महिने तरी ती हवीच. तुझ्या गुठळीला ऑपरेशनचं उघड कारण होतं, त्यामुळे पुढे बहुधा गोळी थांबवता येईल. पण ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

एकादशीलाही गोळी चुकवायची नाही. ती भरल्या पोटीच नीट शोषली जाते, म्हणून फराळासोबत घे. गुडघा ठणकला तर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नकोस, रक्तस्राव होऊ शकतो. काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला तर थेट दवाखाना गाठ.

तीन महिन्यांनी जिना चढताना दम लागत असेल तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नकोस. क्वचित गुठळी पुरती विरघळत नाही आणि फुफ्फुसातला दाब वाढत राहतो. त्यावर शस्त्रक्रिया आहे, औषधंही आहेत, पण आधी तपासणी व्हायला हवी. इकोची तारीख ठरवून मला कळव; मी सोबत येते.

तुझी,
भाची