व्हर्जिल रिचीच्या घरी का गेला नव्हता?

आपल्या चळवळीत कवितेवर चर्चा होते, नाटकावर होते, आता सिनेमावरही होऊ लागली आहे. कार्टूनवर मात्र कोणी बोलत नाही. ते पोराटोरांचे, त्यात काय पाहायचे, असा एकंदर सूर. पण आपली पोरे रोज दोन-दोन तास तेच पाहतात, आणि जग कसे आहे हे त्यातूनही शिकतात. म्हणून आज आम्ही एका कार्टूनच्या एका भागाविषयी लिहीत आहोत. मालिका ‘स्टॅटिक शॉक’ आणि भाग ‘सन्स ऑफ द फादर्स’, म्हणजे बापांची पोरे.

ही मालिका अमेरिकेत 2000 ते 2004 या काळात चालली. एकूण 52 भाग. नायक व्हर्जिल हॉकिन्स हा डकोटा नावाच्या काल्पनिक शहरातला शाळकरी कृष्णवर्णीय मुलगा. एका रसायनाच्या स्फोटानंतर त्याच्या अंगात वीज येते आणि तो ‘स्टॅटिक’ होतो. आई दंगलीत गोळी लागून गेलेली, बाप वस्तीतल्या मुलांसाठी समाजकेंद्र चालवणारा. हे पात्र मूळचे 1993 च्या कॉमिक्समधले. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय मंडळींनी ‘मायलस्टोन’ नावाची स्वतःची कंपनी काढली. छपाई आणि वितरण डीसीसारख्या बड्या कंपनीकडे दिले, पण पात्रांची मालकी आपल्याच हातात ठेवली. 1920 साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ का काढले, हे ज्याला समजले त्याला मायलस्टोनचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. दुसऱ्याच्या कागदावर आपला नायक नोकर तरी होतो किंवा गुंड तरी.

आता त्या भागाकडे येऊ. व्हर्जिलचा जिवलग मित्र रिची फोली, गोरा. स्टॅटिक कोण आहे हे गुपित सांभाळणारा. रिची व्हर्जिलच्या घरी केव्हाही येतो, जेवतो, बसतो. आणि एक दिवस व्हर्जिलच्या लक्षात येते की आपण रिचीच्या घरी एकदाही गेलेलो नाही. तो विषय काढतो, रिची चाचरतो. अखेर व्हर्जिल जातो. रिचीची आई चांगली वागते. बाप शॉन फोली मात्र टोमणे मारत राहतो. आपल्या पोराचे राहणे, त्याचे संगीत, सगळे ‘यांच्या’ संगतीने बिघडले, असा त्याचा हिशेब. पुढे त्याचे खरे बोल व्हर्जिलच्या कानावर पडतात आणि तो निघून जातो.

येथे हा भाग आम्हाला पकडतो. ज्या पोराच्या बोटांतून वीज निघते, जो लोखंडी गाड्या हवेत उचलतो, त्याला त्या घरात काहीही करता येत नाही. वाईट माणसाला विजेचा झटका देता येतो. मित्राच्या बापाला काय देणार? सुपरहिरोच्या गोष्टीने स्वतःच्या तोंडाने कबूल केले की हा शत्रू ठोसे मारून पडत नाही. असे लिहायला लेखकाला धाडस लागते.

आम्हालाही एक रिची होता. बारावीपर्यंत एकाच बाकावर. आमच्या आईच्या हातची बोंबलाची चटणी त्याला इतकी आवडायची की डबा उघडायच्या आधी हात पुढे यायचा. त्याच्या घराचा ओटा आम्ही शंभर वेळा पाहिला, आतली खोली एकदाही नाही. कधी आजी आजारी, कधी पाहुणे, कधी “थांब, मीच बाहेर येतो.” पाणी मागितले तर पाणी बाहेर येई. कोणी एक वाईट शब्द उच्चारला नाही. व्हर्जिलच्या कानावर निदान ते शब्द पडले, त्याच्याकडे पुरावा आहे. आपल्याकडचा जातवाद इतका सभ्य आणि हसतमुख की पुरावा म्हणून दाखवायला हातात फक्त एक बंद दार राहते. तक्रार करावी तर लोक म्हणतात, तुम्हालाच सगळीकडे जात दिसते!

म्हणून या भागातले खरे पात्र आमच्या मते शॉन फोली नाही, रिची आहे. त्याला बाप कसा आहे हे माहीत होते. त्याला लाज वाटत होती. तरी तो इतकी वर्षे गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याची किंमत व्हर्जिलने दिली. आमच्या पुरोगामी मित्रांनी हा भाग पाहावा तो यासाठी. “मी जात मानत नाही, पण घरच्यांना कोण सांगणार” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. रिची अखेर बापाशी भांडतो, घर सोडतो. उशिरा का होईना, घरात बोलतो. आमचा बाकावरचा मित्र अजून बोललेला नाही, आणि आता त्याचीही मुले शाळेत जातात.

पण पुढचा भाग आम्हाला पटत नाही. पोरगा गेला म्हटल्यावर शॉन फोलीला आठवण होते ती व्हर्जिलच्या बापाची, रॉबर्ट हॉकिन्सची. दोघे मिळून रिचीला शोधतात आणि एका धावपळीत शॉनचे डोळे उघडू लागतात. म्हणजे ज्याच्या मुलाचा अपमान झाला त्यानेच अपमान करणाऱ्याला माणूस करायचे! रॉबर्ट मोठ्या मनाचा आहे, मान्य. पण मोठे मन दाखवण्याचे काम नेहमी आपल्याच वाट्याला का येते? शिवाय वर्णद्वेष हा एका माणसाच्या डोक्यातला कचरा आहे, तो काढला की झाले, असा समज यातून होतो. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये हेच खोडून काढले आहे. सहभोजनाने जात मरत नाही, कारण ती ताटात नसते. ज्या शास्त्रांनी तिला पवित्र केले, त्यांचा अधिकार मोडावा लागतो.

ही उणीव भरून काढते ते नायकाचे नाव. मायलस्टोनवाल्यांनी ते एका खऱ्या माणसावरून घेतले. व्हर्जिल डी. हॉकिन्स यांनी 1949 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या कायदा शाखेत प्रवेश मागितला. काळे म्हणून नाकारला गेला. ते वर्षानुवर्षे कोर्टात लढले. 1956 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला, तरी फ्लोरिडाच्या न्यायालयाने तो अमलात येऊ दिला नाही. शेवटी 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला, आणि त्या बदल्यात विद्यापीठाच्या पदव्युत्तर व व्यावसायिक शाखांचे दार इतर कृष्णवर्णीयांसाठी उघडले. त्यांना स्वतःला फ्लोरिडात वकिलीची परवानगी मिळाली 1976 साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. तेथे कोणा बापाचे डोळे उघडले नव्हते. तेथे कोर्टाची तारीख होती आणि पुढची तारीख होती.

आम्ही आधी ही हकिकत सांगून मग हा भाग वस्तीतल्या पोरांना दाखवला. संपल्यावर एकाने विचारले, “रिचीने पहिल्यांदाच का नाही सांगितलं?” सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सांगितलं असतं तर व्हर्जिलने दोस्ती तोडली असती ना.” दुसरा लगेच म्हणाला, “तुटली असती तर तुटली असती.” त्यावर पोरांचा अर्धा तास वाद चालला. आम्ही मध्ये पडलो नाही.