पहिले शंभर किलोमीटर

दोस्तांनो, नवा टायर म्हणजे घट्ट पकड, असंच वाटतं ना तुम्हाला? परवा माझ्या मोटारसायकलला मागे १४०/७०-१७ मापाचा ट्यूबलेस टायर बसवला. रुंदी १४० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची. कडेला बाण असतो. चाक पुढे फिरतं त्याच दिशेला तो हवा. पंक्चरवाल्या काकांनी कडेला साबणाचं पाणी चोपडलं, हवा भरली आणि 'फट्ट' आवाज करून टायर रिममध्ये बसला. हा आवाज मला भारी आवडतो, बरं का!

पण नवं रबर साच्यातून गुळगुळीत निघतं. तो वरचा तुकतुकीतपणा घासला जाईपर्यंत पकड कमीच. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मी जपून चालवतो. जोरात ब्रेक नाही, आणि वळणावर गाडी कलती करायची तीही रोज थोडी थोडी. मागे बसलेला भाचा "मामा, पळव ना!" म्हणून कितीही ओरडू दे. रस्ता ओला असेल तर नाहीच नाही!

तुमच्या दादानं नवे टायर घातलेत? मग मागे बसण्याआधी विचारा त्याला, किती किलोमीटर झाले?