शेरूचे जेवण

"कुत्र्याला काय, उरलेसुरले घालावे!" असे पुष्कळ लोक म्हणतात. पण जे पिल्लू मोठेपणी तीस-पस्तीस किलोंचे होणार, त्याच्या जेवणाचा विचार जरा जास्त करावा लागतो.

माझ्या मामूंची चिपळूणजवळ आंब्याची बाग आहे. गेल्या पावसाळ्यात राखणीसाठी त्यांनी अल्सेशियन जातीचे तीन महिन्यांचे पिल्लू आणले. त्याचे नाव शेरू. तो लवकर दांडगा व्हावा, अशी मामूंची फार इच्छा होती. दुकानदाराने त्यांना कोरड्या खाद्याची एक महागडी पिशवी दिली आणि सोबत कॅल्शियमची भुकटीही दिली. "हाडे मजबूत होतील," असे तो म्हणाला.

"बेटा, यावर काय लिहिले आहे ते वाचून सांग," मामू मला म्हणाले. मी पाहिले तर ते खाद्य पूर्ण वाढलेल्या, कामाच्या कुत्र्यांसाठी होते. आम्ही शेरूला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी त्याचे पाय तपासले. त्या म्हणाल्या, "चाचा, घाई करू नका. मोठ्या जातीचे पिल्लू हळूहळू वाढले पाहिजे. वजन भराभर वाढले, तर कोवळ्या हाडांना आणि सांध्यांना ते पेलत नाही. आणि ही भुकटी बंद करा. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही. त्याने हाडे मजबूत होत नाहीत, उलट वेडीवाकडी वाढतात." नेदरलँड्समधील संशोधकांनी ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर प्रयोग करून १९८५ साली हेच दाखवून दिले होते.

मग त्यांनी खाद्य कसे निवडावे ते सांगितले. पिशवीवर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' आणि 'संपूर्ण व समतोल आहार' असे लिहिलेले असावे. कॅल्शियम एक ते दीड टक्क्याच्या आसपास असावे. नवे खाद्य एकदम सुरू न करता आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळत जावे. दिवसाचे खाद्य वजन करून तीन वेळांत द्यावे. सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. असे खाद्य सुमारे दीड वर्षाचा होईपर्यंत चालू ठेवावे.

"एवढ्याशा खाण्याने त्याचे पोट भरेल का?" मामूंनी काळजीने विचारले.

तेव्हा बाईंनी अमेरिकेतील एका अभ्यासाची माहिती दिली. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४८ लॅब्रॉडोर कुत्र्यांना लहानपणापासून अखेरपर्यंत मोजून खाऊ घातले होते. ज्यांना पाव हिस्सा कमी खाणे मिळाले, ते इतरांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले.

मामूंनी त्याच दिवशी एक छोटा तराजू विकत घेतला. आज शेरू चौदा महिन्यांचा आहे. त्याचे पाय सरळ आहेत आणि रात्री बागेत रानडुकराची चाहूल लागताच तो धावत सुटतो.

मुलांनो, तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस तुम्ही ऐकली असेल. मुक्या जनावरावर दया करणे हे पुण्याचे काम आहे. पण खूप खाऊ घालणे म्हणजे दया नव्हे. त्याला काय आणि किती हवे, हे नीट जाणून घेऊन तेवढेच देणे, हीच खरी दया.