अर्ध्या तिकिटाचा प्रश्न

कासार आंबोलीत पौड रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाया गाडी कुठली ते लांबूनच ओळखतात. एसटी असेल तर अर्धं तिकीट, पुण्याची पीएमपी असेल तर पूर्ण. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ही सवलत आहे. अर्थात, एसटी थांबली तर!

या घोळक्यात साडी नेसलेली एखादी तृतीयपंथी बाई असेल, तर तिचं तिकीट कुठलं? कर्नाटकाने त्याच वर्षी ‘शक्ती’ योजना आणताना तृतीयपंथीयांनाही मोफत प्रवासात घेतलं. आपल्या योजनेच्या नावात महिलाच आहेत. मग समोरची महिला आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? कंडक्टरने?

जळगावजवळच्या भादली बुद्रुकमध्ये हा प्रश्न उमेदवारी अर्जावरून निघाला. तृतीयपंथी असलेल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला गटातून अर्ज भरला, तो छाननीत बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं. आपली लिंगओळख आपणच ठरवायची, हा हक्क तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात आलाच होता. मला मात्र कोर्टापेक्षा भादलीकरांचं कौतुक जास्त. त्यांनी अंजलीताईंना निवडून दिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने तर २०१७ मध्येच तृतीयपंथी सरपंच निवडला होता. गावं मागासलेली असतात, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे.

कासार आंबोलीचा मुळशी तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते मंजूर झालेलं नाही. ‘आधी पौड रस्त्याची कोंडी सोडवा, मग ही लग्नं लावा’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा वैताग मला कळतो. पण समलिंगी पोरापोरींना घरी जे बोलता येत नाही, ते बोलायला आपल्यासारखी चार माणसं लागतात, आणि ती बहुधा पुण्यात भेटतात. त्यांच्यात किती वेळ बसायचं, हे परतीची शेवटची गाडी ठरवते. स्वतःची मोटारसायकल असलेल्या पोराला हे कळायचं नाही. गाडीच्या चाव्या मागितल्या की ‘कुठं चाललीस?’ ऐकावं लागणाऱ्या पोरीला लगेच कळेल.

वनाजची मेट्रो चांदणी चौकापर्यंत न्यायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. पुढे भूगाव, भुकूम, पिरंगुट बसवरच. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. रात्रीची गाडी वाढवा, असा ठराव ग्रामसभेत आणायला त्यांना कुणाची लिंगओळख काढायची गरज नाही.