स्वतः भरलेलं काडतूस

ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायची दोन यंत्रं आहेत. दांडा हातानं ओढायची, विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावी बनलेली. नवा नेमबाज घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘यात पैसे वाचतात का हो?’

बारा बोअरमध्ये फारसे नाहीत. खर्चाचा मोठा वाटा शिशाचा. काडतुसाला एक औंस छर्रे धरले, तर २५ पौंडांची पिशवी ४०० काडतुसांत संपते. वर ठिणगी पाडणारा प्रायमर, बंदुकीची दारू आणि दारू-छर्र्यांच्या मधला प्लॅस्टिकचा वॉड. दुकानातल्या स्वस्त खोक्याशी ताळा केला की हाती चिल्लर उरते, आणि यंत्राची किंमत अजून धरलेलीच नसते.

पण स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्या टिपायचा आमचा खेळ, चार मापांच्या बंदुकांनी खेळतात, आणि हिशेब फिरतो तो लहान मापांत. .४१० ला अर्धाच औंस शिसं लागतं. त्याच पिशवीत ८०० काडतुसं होतात. तरी दुकानात ते बारा बोअरपेक्षा महाग, कारण खप कमी. २८ बोअरचंही तेच. माझी यंत्रं वसूल झाली ती या दोघांवर.

शेवटचा दांडा ओढला की काडतुसाच्या तोंडाला घड्या पडतात. मोदकाच्या कळ्याच, फक्त आत दुमडलेल्या. मधे भोक राहिलं तर छर्रे गळतात. मध्य खचला तर आत काहीतरी कमी पडलंय. मी प्रत्येक तोंडावरून अंगठा फिरवतो.

पण अंगठ्याला सगळं कळत नाही. एका संध्याकाळी बोलण्याच्या नादात यंत्रावरची दारूची बाटली रिकामी झालेली मला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर चाप ओढला, तर धडाक्याऐवजी नुसतं ‘फट्’. बंदूक रिकामी करून नळीतून उजेडाकडे पाहिलं : वॉड मधेच अडकलेला. तसाच पुढचा बार काढला असता तर नळी फाटू शकली असती, कदाचित हातासकट. तेव्हापासून भरताना फोन बंद, गप्पा बंद, आणि बाटली निम्म्यावर आली की भरून घ्यायची.

म्हणून माझं सांगणं असं : फक्त बारा बोअर खेळत असाल तर दुकानातली खोकी घ्या. २८ किंवा .४१० खेळत असाल, आणि तासभर गप्प बसून एकच काम करता येत असेल, तर यंत्र जरूर घ्या. उठल्यावर हात साबणानं धुवा. शिसं बोटांना लागतं, दिसत नाही.